जोडीची दुर्बीण

सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा लाकडी बैलांसाठी ओळखला जातो. तो येतो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या रात्री चंद्राचा उजेड नसतो, आणि ढगांनी वाट दिली तर आकाशाचे फोटो घ्यायला याहून चांगली रात्र नाही. बैलांसारखी या कामालाही जोडीच लागते. मोठी दुर्बीण फोटो घेते आणि तिच्या पाठीवरची छोटी दुर्बीण एका ताऱ्यावर नजर ठेवते. या छोटीला हौशी मंडळी गाइडस्कोप म्हणतात.

तिची गरज फोटोच्या काचेच्या कोरड्या प्लेटांनी निर्माण केली, कारण त्या बराच वेळ उघड्या ठेवता येत. 1880 मध्ये हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला, तो 51 मिनिटं प्लेट उघडी ठेवून. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला 15 विकला सरकतात. घड्याळाच्या यंत्रावर दुर्बीण त्यांच्यामागे फिरवली, तरी दातेरी चाकांतली बारीकशी चूकही तासाभरात ताऱ्याची रेघ करते.

पॅरिसच्या पॉल आणि प्रॉस्पेर हेन्री या भावांनी 1885 मध्ये यावर पक्का उपाय केला. एकाच लांबट पेटीत त्यांनी दोन दुर्बिणी शेजारी बसवल्या, एक प्लेटसाठी आणि एक डोळ्यासाठी. निरीक्षक तासन् तास तारा उभ्या-आडव्या तारांच्या छेदावर धरून बसे आणि तो जरा हलला की हातानं दुर्बीण सावरून घेई. 1887 मध्ये पॅरिसच्या परिषदेत साऱ्या आकाशाचा फोटो-नकाशा करायचं ठरलं आणि या बांधणीचा नमुना देशोदेशी गेला. त्या उपक्रमातला उणे 17 ते उणे 23 अंशांचा पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनं पुरा केला. 

डोळ्यानं पाहायचं तर ताऱ्याची हालचाल मोठी दिसायला हवी. म्हणून जुनी गाइड दुर्बीण जवळपास मुख्य दुर्बिणीएवढीच लांब असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस डोळ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आला. ताऱ्याचा ठिपका काही पिक्सेलांवर पसरतो. संगणक त्याचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत मोजतो आणि दुरुस्तीचा आदेश थेट मोटारला देतो. त्यामुळे हौशी माणसाच्या मध्यम दुर्बिणीला दोनशे मिलिमीटरच्या आसपास नाभीय अंतराची, हातात मावणारी गाइडस्कोपही बहुतेकदा पुरते.

आकार घटला, पण दोन्ही दुर्बिणी एकमेकींशी घट्ट बांधण्याचं हेन्री बंधूंच्या पेटीतलं शहाणपण तसंच राहिलं. जू सैल असेल तर चांगल्या बैलांचंही तास वाकडं जातं. इथे तर फसगत अशी, की गाइडस्कोप तिला धरणाऱ्या कडीत किंचित कलली तरी मोटार सगळी जोडी हलवते, म्हणून तिचा तारा जागेवरच दिसतो आणि रेघ उमटते मोठीच्या फोटोत. म्हणून गाइडस्कोप निवडताना भिंगाआधी तिच्या कड्या, स्क्रू आणि बैठक हातानं हलवून पाहावी. जी हलणार नाही, ती घ्यावी.