जिल्हा परिषदेतून मंत्रालयाकडे : आर. आर. पाटील यांची कारकीर्द

महाराष्ट्रातील ग्रामीण नेतृत्वाच्या इतिहासात सहकारी साखर कारखान्याला मोठे स्थान आहे. परंतु मंत्रालयाकडे जाणारी एक वाट जिल्हा परिषदेतूनही निघते, आणि रावसाहेब रामराव ऊर्फ आर. आर. पाटील (१९५७–२०१५) यांची कारकीर्द हे तिचे ठळक उदाहरण होय. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी त्रिस्तरीय व्यवस्था राज्यात सुरू झाली. शाळा, रस्ते, पाणीपुरवठा आणि आरोग्य केंद्रे यांचा कारभार त्यामुळे लोकनियुक्त सदस्यांच्या हाती आला.

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात अंजनी या गावी जन्मलेले पाटील ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकले, म्हणजे शिक्षणसंस्थेत काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला, आणि पुढे कायद्याची पदवी मिळविली. १९७९ मध्ये सावळज गटातून (गट म्हणजे जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडणारा मतदारसंघ) ते निवडून आले व १९९० मध्ये आमदार होईपर्यंत सदस्य राहिले. या अकरा वर्षांचा प्रभाव त्यांच्या पुढील कामावर स्पष्ट दिसतो, कारण गाव कशाने हलते आणि कशाने अडते याचे ज्ञान कागदावरच्या योजनांमधून मिळत नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये ग्रामविकास खाते त्यांच्याकडे आले आणि २०००–०१ या वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. आधी अनुदान आणि मग काम हा सरकारी योजनांचा रुळलेला क्रम या अभियानात उलटला: गावाने श्रमदान व लोकवर्गणी यांतून आधी काम करावयाचे, तपासणी समितीने ते पाहावयाचे आणि त्यानंतर बक्षीस मिळावयाचे. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी ही स्पर्धा चढत जाई. शौचालये, गटारे, परसबागा, सांडपाणी जमिनीत मुरविणारे शोषखड्डे या सर्वांना गुण होते; त्यामुळे एरवी दुर्लक्षित राहणारी, उकिरड्याशेजारची गल्लीसुद्धा तपासणीच्या कक्षेत आली. शेजारच्या गावाने बक्षीस मिळविले आणि आपले मागे राहिले, ही ग्रामस्थांच्या मनाला लागणारी गोष्ट आहे. या ईर्ष्येचा असा विधायक उपयोग राज्याच्या प्रशासनात क्वचितच झाला असेल. केंद्र सरकारच्या निर्मल ग्राम पुरस्कारामागेही या अभियानाची प्रेरणा होती.

पुढे त्यांच्याकडे आलेल्या गृहखात्यात ही पद्धत तितकीशी लागू पडली नाही. २००५ मध्ये पाटील यांनी नृत्यबारवर बंदी आणली. ग्रामीण भागातून, विशेषतः महिलांकडून, तिचे स्वागत झाले, तथापि तारांकित हॉटेले वगळून इतरांवर घातलेली ही बंदी समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरली व उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. या बारांमध्ये नाचून उपजीविका करणाऱ्या स्त्रियांच्या पुनर्वसनाची बाजू मात्र दुबळीच राहिली, आणि हा दोष गंभीर मानावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत असे घडतच असते अशा आशयाचे विधान केल्याने लोकक्षोभ उसळला आणि त्यांना उपमुख्यमंत्रिपद व गृहखाते सोडावे लागले. पुढील वर्षी ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि नक्षलवादाने ग्रासलेल्या गडचिरोलीचे पालकमंत्रिपद, म्हणजे त्या जिल्ह्याच्या विकासकामांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी, त्यांनी स्वतःहून स्वीकारली.

गृहखात्यातील त्यांचा सर्वांत स्वतंत्र प्रयोग २००७ मधील महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम हा होय. बांधाचे भांडण, भाऊबंदकीतील वाटणी, किरकोळ मारामारी असे तंटे न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळण्याऐवजी गावातच सामोपचाराने मिटावेत, म्हणून ग्रामसभेतून समिती निवडली जाई. अनेक ठिकाणी जुनी वैरे त्यामुळे संपली. तरीही गावातील प्रबळ घराण्यांचेच वजन जेथे समितीत असे, तेथे दलितांना किंवा स्त्रियांना तडजोड नाकारणे कितपत शक्य होते, हा प्रश्न उरतो. कारण गावाच्या एकीवर पाटील यांनी जेवढा भरवसा ठेवला, तेवढे गावातील विषमतेकडे या मोहिमेचे लक्ष गेले नाही.