सेनापती, उपमंत्री आणि पी.टी.चे मास्तर

मुंबईत मंत्रालयावर काम घेऊन आपल्या जळगाव-धुळ्याची माणसं नेहमीच जातात. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या बाजूचा रस्ता त्यांच्या पायाखालचा असतो. त्या रस्त्याचं नाव जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. हे जनरल कोण, असं मी इतिहास शिकवताना मुलांना विचारी. शिवाजी महाराजांचे कुणी सरदार असावेत, असं उत्तर हमखास यायचं. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं ठरवलं.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे. जन्म 1906चा. डेहराडूनचं सैनिकी विद्यालय आणि इंग्लंडमधलं सँडहर्स्ट इथं शिकून ते इंग्रजी फौजेत अधिकारी झाले. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडलं तेव्हा ते तिथंच, गढवाल रायफल्समध्ये होते. हजारो हिंदी सैनिकांबरोबर तेही जपान्यांचे युद्धकैदी झाले.

पहिली आझाद हिंद फौज 1942च्या अखेरीस मोडली. ती पुन्हा बांधण्याच्या कामात भोसले पुढे होते. 1943 साली नेताजी आले, 21 ऑक्टोबरला आझाद हिंदचं हंगामी सरकार स्थापन झालं. त्या मंत्रिमंडळात भोसले होते, शिवाय नेताजींच्या हाताखाली ते फौजेचे चीफ ऑफ स्टाफ होते.

आता थोडं दूर, मेक्सिकोत जाऊ. 1821 साली तो देश स्पेनच्या ताब्यातून सुटला. ज्या सेनानीनं शेवटची मोहीम जिंकली, तो इतुर्बिदे 1822 साली स्वतःच सम्राट झाला. 1823 साली त्याला गादी सोडावी लागली आणि 1824 साली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ग्वादालुपे व्हिक्टोरिया या सैनिकानं मात्र पहिला अध्यक्ष म्हणून 1829 पर्यंतची मुदत पुरी केली. त्याच्यानंतर आलेला गेर्रेरो वर्षभरही टिकला नाही. 1831 साली त्यालाही गोळ्या घातल्या. सांता आन्ना तर 1855 पर्यंत पुन्हापुन्हा अध्यक्ष होत राहिला. स्वातंत्र्य मिळवून देणारी तलवार म्यानात जाईना, हे त्या देशाचं दुखणं होतं.

आपल्याकडेही हा प्रश्न उभा राहू शकला असता. लाल किल्ल्यातल्या खटल्यात 1945 साली खुद्द नेहरू वकिलाचा झगा घालून उभे राहिले. देशभर आझाद हिंदच्या शिपायांचा जयजयकार झाला. पण स्वातंत्र्य आल्यावर या शिपायांना भारतीय सैन्यात परत घेतलं नाही. फौजेची शिस्त एकसंध राहावी, असं कारण होतं. राज्याच्या दृष्टीनं त्यात शहाणपण असेल. ज्यांनी देशासाठी नोकरी आणि निवृत्तिवेतन गमावलं, त्यांच्या मनाला काय वाटलं असेल?

भोसल्यांनी मतपेटीचा रस्ता धरला. 1952च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसचे खासदार झाले. त्यांचेच सहकारी शाहनवाज खान मेरठहून निवडून आले. दोघेही उपमंत्री झाले. भोसल्यांकडे खातं आलं ते पुनर्वसनाचं.

फाळणीनं उखडलेली माणसं म्हणजे काय, हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. आपल्या सिंधी कॉलनीतल्या जुन्या घरांतून त्या आठवणी अजून निघतात. दिल्लीत लाजपतनगरला कस्तुरबा निकेतन नावाची निर्वासितांची वसाहत होती. तिथली मुलं बिथरलेली, शाळेत न रमणारी. 1954 साली भोसल्यांनी तिथं राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीतं, थोर माणसांच्या गोष्टी, असा साधा कार्यक्रम. शिकवायला आझाद हिंद फौजेतले जुने शिपाई घेतले. मुलांना वळण लागलं आणि शिपायांना काम मिळालं. हात रिकामा असलेला शूर माणूस नव्या राज्याला जड जातो, हे त्यांनी ओळखलं होतं, असं मला वाटतं.

योजना पुढे शिक्षण खात्याकडे गेली आणि देशभर पसरली. राजस्थानात सरिस्काला शिक्षकांचं प्रशिक्षण होई. 1963 साली भोसले वारले. पंडित कुंझरू यांच्या समितीनं अशा सगळ्या योजना एकत्र करण्याची शिफारस केली आणि 1960च्या दशकातच ही योजना राष्ट्रीय फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली.

नुसत्या ‘सावधान-विश्राम’नं नागरिक घडत नाहीत, ही टीका मलाही पटते. शिस्तीला प्रश्न विचारण्याची मोकळीक जोडावी लागते. तरीही एका सरकारचा मंत्री आणि एका फौजेचा चीफ ऑफ स्टाफ राहिलेला माणूस उपमंत्रिपद स्वीकारतो आणि अनाथ, बेघर मुलांच्या रांगा नीट लावण्यात आपली प्रतिष्ठा मानतो, ही गोष्ट मला मोठी वाटते. मेक्सिकोच्या सेनानींना जे साधलं नाही, ते इथं साधलं. त्याचं श्रेय राज्यघटनेला आहे, नेहरूंना आहे, आणि आपला हुद्दा विसरू शकलेल्या अशा माणसांनाही आहे. आपल्या शाळेत शिट्टी वाजवणाऱ्या पी.टी.च्या मास्तरांकडे यापुढे जरा आदरानं पाहा. त्यांच्या कामाचा एक धागा थेट सिंगापूरच्या त्या मैदानापर्यंत जातो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)