मिरगाचा किडा आणि आमचं गायरान

यंदा मृग लागायला आणि आम्ही गावी असायला एकच गाठ पडली. गाव म्हणजे आखाडा बाळापूर, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं. (अकोल्याजवळचं किल्ल्याचं बाळापूर वेगळं. पुण्यात हे दर वेळी सांगावं लागतं!) रात्री पहिला चांगला पाऊस झाला. सकाळी मी लेकीला म्हणालो, "चल, तुला मिरगाचा किडा दाखवतो."

ज्यांचं लहानपण मराठवाड्यात गेलं त्यांना हा किडा सांगायला नको. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागायचे. काडेपेटीत गवत घालून आम्ही ते जमवायचो. हात लावला की पाय आखडून गप्प बसायचे. शाळा सुरू होण्याची आमची खूण हीच.

दोन तास फिरलो. एकही दिसला नाही. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, खरंच असतो का असा किडा?"

घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा कळलं की हा मुळी किडाच नाही! आठ पायांचा, कोळ्याच्या आणि गोचिडीच्या नात्यातला. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीत असतो आणि पाऊस पडला की थोडे दिवस खाण्यासाठी, जोडीदार शोधण्यासाठी वर येतो. मादी मातीतच अंडी घालते. त्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं. ते नाकतोड्यासारख्या कीटकांना चिकटून त्यांच्यावर वाढतं, मग गळून पडून पुन्हा मातीत जातं. मोठं झाल्यावर कीटकांची अंडी खातं. म्हणजे त्याला दोन गोष्टी हव्यात: न उलथलेली माती आणि नाकतोडे. दोन्ही कुठे मिळायचं? माळावर.

आमच्या गावाला लागून गायरान होतं. लाल कंधारी गाई तिथे चरायच्या. मारवेल, पवना आणि सगळ्यात जास्त कुसळी. कुसळ धोतरात, मोज्यात अडकायचं म्हणून आम्ही तिला शिव्या द्यायचो. पण तिची करामत बघा. कुसळाचं शेपूट दवाने ओलं झालं की उलगडतं, उन्हात वाळलं की पुन्हा पिळ खातं, आणि असं फिरत फिरत टोकाशी असलेलं बी जमिनीत शिरतं. पेरणारा कोणी नाही, तिफण नाही. टिटवीही तिथेच उघड्यावर खड्यांमध्ये अंडी घालायची. ती अंडी उंचावर की सखल जागी, यावरून आमचे आबा पावसाचा अंदाज बांधायचे.

आता सरकारदरबारी या सगळ्याचं नाव काय? पडीक. निजामाच्या काळी 'बंजर', आपल्या सातबाऱ्यावर 'पोटखराब', आणि २००० साली केंद्र सरकारने जो नकाशासंग्रह काढला त्याचं नावच 'वेस्टलँड्स अॅटलास'! झुडपी माळ त्यात वाया गेलेल्या जमिनीत मोजलेला. जे वाया गेलेलं आहे ते कामी लावायला कोणाची ना असणार?

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव गायरानं फुटू लागली. त्यात एक बाजू न्यायाची होती, हे आधी सांगतो. ज्यांच्या नावावर पिढ्यानपिढ्या गुंठाभर जमीन नव्हती त्यांनी पोटासाठी गायरान कसलं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९६४ साली तुरुंग भरले ते यासाठीच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ साली घेतला. त्या माणसांना "तुम्ही गवत संपवलं" असं म्हणायचा हक्क मला नाही.

पण आमचं काय? आमच्याकडे जमीन होती. गायरान आमच्या बांधाला लागून. दर उन्हाळ्यात बांध दोन-चार तासांनी पुढे सरकायचा. नव्वदीनंतर सोयाबीन आलं, बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि बांध आणखी जोरात चालायला लागला. त्या पट्ट्यातल्या सोयाबीनच्या पैशातून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. हे वाचून घरात कोणी रागावेल, पण खोटं असेल तर सांगा.

माळ गेल्याचा मोठा पुरावा म्हणून सगळे माळढोकाचं नाव घेतात. तो पुरावा खराच आहे. पुरुषभर पंख पसरणारा हा पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. सोलापूरकडे नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आली, लोकांची अडचण झाली, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत असं मानतात. त्याच्यासाठी न्यायालयात खटले चालतात, राजस्थानात अंडी उबवण्याचं केंद्र चालतं. मिरगाच्या किड्याची कोण मोजदाद ठेवतो? तो हरवला तर फक्त लहानपण आठवणाऱ्यांनाच कळणार.

असो. संध्याकाळी काकांना म्हटलं, यंदा गायरानाकडचा तो पट्टा नांगरू नका, औषध मारू नका. खरं तर तो परतच द्यायला हवा, तेही बोललो. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "पडीक ठेवून काय करायचं त्याचं?"

मी म्हणालो, "कुसळी येईल."

"अन् मग?"

मग नाकतोडे येतील, आणि कुठल्या तरी मिरगात कदाचित किडाही येईल. पण हे तेव्हा सुचलं नाही. काका "बघू" म्हणाले आणि आत गेले. पेरणी आठवड्यावर आली आहे. लेक पुण्याहून रोज विचारते, आबांनी नांगरलं का?