सगळे हजर असतील तर

जून आला की स्टाफरूममध्ये वेळापत्रकावरून कुरबूर सुरू होते. बीएडला आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवलं. वेळापत्रक कसं जुळवायचं ते कुणी शिकवलं नाही.

'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. वेळापत्रकाची गोष्ट मात्र बुडापेस्टहून सुरू होते. तिथले गणितज्ञ देनेश कोनिग यांनी १९१६ साली एक प्रमेय सिद्ध केलं. आपल्या भाषेत ते असं: एका बाजूला शिक्षक लिहा, दुसऱ्या बाजूला वर्ग, आणि प्रत्येक तासासाठी एक रेघ ओढा. सर्वांत जास्त रेघा ज्याच्या वाट्याला येतात त्याच्या ४० असतील, तर ४० तासिकांत सगळं बसतं, कुणाची टक्कर होत नाही. फक्त सगळे सदैव हजर हवेत. (१९४४ च्या ऑक्टोबरात हंगेरीत नाझीधार्जिणे सत्तेवर आले आणि काही दिवसांतच कोनिग यांनी आत्महत्या केली.)

कॉम्प्युटर आल्यावर टोरांटो विद्यापीठाचे गॉटलिब यांनी १९६२ साली म्युनिकच्या परिषदेत शिक्षक-वर्ग वेळापत्रकाची पद्धत मांडली. १९६७ मध्ये वेल्श आणि पॉवेल यांनी सुचवलं की ज्या विषयाची जास्त विषयांशी टक्कर होते, त्याला आधी जागा द्या. आमचे जुने मुख्याध्यापक पेन्सिल-खोडरबर घेऊन हेच करायचे.

खरी मेख १९७६ साली कळली. एव्हन, इताई आणि शमीर यांनी दाखवलं की 'अमुक शिक्षकाला अमुक तास जमत नाही' ही अट आली, की तासिका तीनच असल्या आणि वर्ग कायम मोकळे असले तरी प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो. म्हणजे हमखास आणि झटपट उत्तर देणारी पद्धत अजून कुणालाही सापडलेली नाही. गणित अवघड होतं ते माणसांच्या अडचणींनी.

मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर उर्दू शिकवत होतो. नव्या वेळापत्रकात मला पहिला आणि पाचवा तास मिळाला. मधले तीन तास बिनपगारी. पाचवा तास नेमका माझ्या दुपारच्या शिकवण्यांवर आला, त्या सुटल्या. विचारायला गेलो तर सर म्हणाले, "सॉफ्टवेअरने काढलंय, माझ्या हातात काही नाही."

स्क्रीनवर माझ्या नावापुढे 'सर्व तास उपलब्ध' असं भरलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.