बोटीवर प्लग नसतो, मग मासळी थंड राहते कशी?

पालीपासून रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर साधारण वीस किलोमीटरवर आहे. तिथून सुटणाऱ्या मोठ्या बोटी काही दिवस समुद्रातच असतात. एवढ्या दिवसांची मासळी टिकते ती निघतानाच भरून घेतलेल्या बर्फावर.

बर्फ म्हणजे थंडीची बॅटरीच समजा. ० अंशावरचा १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे जवळपास ९३ वॉट-तास. तुमच्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास असतात. हिशोब करून बघा!

३० अंशांवरची १ किलो मासळी ० अंशाला आणायला साधारण पाव ते अर्धा किलो बर्फ पुरतो. तरी आपल्याकडच्या उन्हात मासळीइतकाच बर्फ घ्या म्हणतात, कारण उरलेला बर्फ बाहेरून कप्प्यात शिरणाऱ्या उष्णतेशी झगडण्यात जातो. म्हणून खरी कमाई इन्सुलेशनची. पफचा जाड थर, घट्ट झाकण आणि ते कमीत कमी वेळा उघडणं. बर्फ चुरून माशांच्या थरांमध्ये घालतात. नुसती लादी वर ठेवली तर खालची मासळी गरमच राहते. वितळलेलं घाण पाणी मात्र काढून टाकायचं.

यात कंजुषी परवडत नाही. बांगडा, कुपा असे मासे गरम राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. भाव पडतो तो वेगळाच.

मग १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज? खलाशांच्या दूध-भाजीपुरता चालेल. ४५ वॉटचा फ्रीज निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४० वॉट-तास, म्हणजे ४५ अँपिअर-तास लागतात. १०० अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे एका दिवसात खेळ खल्लास! पुढे इंजिनाच्या अल्टरनेटरवर किंवा सोलर पॅनलवर चार्जिंग हवंच. फ्रीजला बॅटरी कटऑफ आहे ना, ते घेतानाच विचारा. इंजिन सुरू करायची बॅटरी तर यासाठी वापरूच नका.

स्वस्तातले पेल्टियर कूलर ऑनलाइन खूप दिसतात. ते बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण २० अंशच खाली जातात. मे महिन्यात ३५ अंश असेल तर आत १५. दुधाला एवढं पुरत नाही.