गाठीला लॉकडाऊन नसतो

मार्च २०२०. देश बंद झाला आणि आम्ही इंजिनिअर मंडळींनी घरी बसून रिलीजच्या तारखा पुढे ढकलल्या. कॅन्सरची गाठ अशी थांबत नाही. जगभर ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होत होत्या, मुंबईची लोकल बंद होती. तरी परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २३ मार्च ते ३० एप्रिलदरम्यान कॅन्सरच्या ४९४ शस्त्रक्रिया झाल्या. ऑपरेशननंतर ६ जणांना कोरोना झाल्याचं आढळलं. पण त्या ४९४ जणांपैकी ऑपरेशननंतर एकही दगावला नाही.

थांबलं की आपण सुरक्षित, असं तेव्हा मीही धरून चाललो होतो. रोज संध्याकाळी मोबाइलवर कोरोनाचे आकडे बघायचो. ऑपरेशन लांबलं म्हणून पसरलेली गाठ त्या आकड्यांत कुठेच नसायची.