सेनापतीचा पराभव

मागे एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुका आटोपल्यावर आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातले निवृत्त हवालदार माझ्याकडे आले. ते दोनदा उभे राहिले होते आणि दोनदा पडले होते. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "सर, सतरा वर्षं पलटणीत काढली, बर्फात उभा राहिलो. गावात आलो की सगळे रामराम घालतात. मग मत का देत नाहीत?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर पटकन सुचेना. तेव्हा मी त्यांना त्यांच्याहून फार मोठ्या एका सैनिकाची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

तुमच्यापैकी जे हिंगोलीचे आहेत त्यांना फौज काही नवी नाही. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या कंटिंजंट फौजेची छावणी हिंगोलीतच होती. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात सामील झाली. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या वाडवडिलांनी मत टाकले. बंदुकीचे राज्य कसे असते आणि मताचे राज्य कसे असते, हे दोन्ही त्या पिढीने चार वर्षांच्या आत पाहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता त्या सैनिकाकडे वळू. ते म्हणजे जनरल करिअप्पा, कर्नाटकातल्या कोडगू प्रांताचे. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात पश्चिम विभागाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १५ जानेवारी १९४९ रोजी इंग्रज सेनापतीकडून त्यांनी सूत्रे घेतली आणि भारतीय सैन्याला पहिला भारतीय सरसेनापती मिळाला. म्हणूनच १५ जानेवारी हा आपण सेनादिन पाळतो. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले आणि ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले.

अशा माणसाने १९७१ साली लोकसभेची निवडणूक लढवली, आणि तीही आपल्या मुंबईतून! ईशान्य मुंबई मतदारसंघात ते अपक्ष उभे राहिले. शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. मराठी माणसासाठी निघालेली संघटना एका कोडगूच्या माणसामागे उभी राहिली, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत देशभर मतदान झाले. करिअप्पा पडले. काँग्रेसचे राजाराम गोपाळ कुलकर्णी निवडून आले.

का पडले? त्या साली इंदिरा गांधींच्या 'गरिबी हटाओ'चा जोर असा होता की लोकसभेच्या ५१८ जागांपैकी ३५२ त्यांच्या पक्षाने जिंकल्या. करिअप्पांना स्वतःचा पक्ष नव्हता, गल्लोगल्ली फिरणारे स्वतःचे कार्यकर्ते नव्हते. शिवाय आणखी एक कारण मला दिसते. सैन्यात हुकूम दिला की काम होते. निवडणुकीत माणसाला दारोदार जाऊन विनंती करावी लागते, आणि समोरचा नाही म्हणाला तरी त्याला नमस्कार करून पुढच्या दारी जावे लागते. जन्मभर हुकूम देण्यात गेलेल्या माणसाला सत्तरी उलटल्यावर ही विद्या शिकणे सोपे नसते.

करिअप्पांची सगळीच मते लोकशाहीला मानवणारी होती असेही नाही. देशात शिस्त यावी म्हणून काही काळ राष्ट्रपती राजवट आणावी, असे त्यांनी निवृत्तीनंतर सुचवले होते. पण सत्ता हवीशी वाटली तेव्हा ते छावणीकडे गेले नाहीत, मतपेटीकडे गेले. मतपेटीने नाही म्हटले, आणि ते मुकाट्याने घरी परतले.

आता शेजारी काय घडत होते ते पाहा. पाकिस्तानात जनरल अयुबखानांनी १९५८ मध्ये सत्ता बळकावली. हे अयुबखान फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेले. त्यांच्यामागून जनरल याह्याखान आले. त्यांनी डिसेंबर १९७० मध्ये निवडणूक घेतली. पूर्व बंगालच्या १६२ जागांपैकी १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. हा निकाल पचवायची सेनापतींची तयारी नव्हती. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात सैन्याने आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या. डिसेंबर सरेपर्यंत पाकिस्तानचे दोन तुकडे झाले होते.

मंडळी, महिना एकच, मार्च १९७१. मुंबईत एका सेनापतीने स्वतःचा पराभव मान्य केला. इस्लामाबादेतल्या सेनापतीला दुसऱ्याचा विजयदेखील मान्य करता आला नाही. दोघेही इंग्रजांच्या एकाच सैन्यात घडलेले. फरक एवढाच, की आपल्याकडे सैनिकाला निवृत्त झाल्यावर, गणवेश उतरवून, साध्या नागरिकासारखेच मतदारापुढे उभे राहावे लागते.

पराभवाने करिअप्पांची थोरवी उणावली नाही. १९८६ साली देशाने त्यांना फील्डमार्शल हा सर्वोच्च सैनिकी मान दिला. तेव्हा त्यांचे वय शहाऐंशीच्या घरात होते. १९९३ मध्ये ते वारले. लोकांनी त्यांना मान दिला, मत दिले नाही. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वहीतले आहेत.

हे ऐकून हवालदार थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे रामराम हा झाल्या नोकरीचा, आणि मत पुढच्या कामाचं?"

मी म्हटले, "हवालदारसाहेब, माझ्यापेक्षा तुम्हीच नेमके सांगितलेत."

जाताना त्यांनी गावच्या नळयोजनेविषयी दोन प्रश्न विचारले आणि अर्ज कुणाकडे करायचा ते कागदावर लिहून घेतले. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, १५ जानेवारीला शाळेत सेनादिन साजरा कराल तेव्हा काश्मीरच्या लढाईबरोबर मुंबईतला हा पराभवही मुलांना सांगा.